फ्रिजमध्ये बर्फ होत नाही? गॅस भरायच्या आधी हे तपासा

उन्हाळा लागला की तक्रार ठरलेली असते: फ्रिज चालू आहे, आत गार लागतं, पण बर्फ काही होत नाही. त्यावरचं निदानही ठरलेलं असतं: "गॅस कमी झाला." फ्रिजमधला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांमधून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो आणि कुठे गळती झाली तरच कमी होतो. खेड्यावरच्या घरात बर्फ न होण्याची कारणं बहुतेक वेळा फ्रिजच्या बाहेर सापडतात. लाईनचा दाब, टिनाखालची उष्णता, पाणी आणि दाराचं रबर या गोष्टी घरच्या घरी तपासता येतात.

आपला फ्रिज कोणत्या जातीचा

सिंगल डोअर फ्रिजमध्ये वरच्या फ्रीझरच्या भिंती हाच थंड होणारा भाग असतो. त्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यातच गॅसच्या नळ्या असतात. या फ्रिजला 'डायरेक्ट कूल' म्हणतात. यात भिंतींवर बर्फाचा थर चढतो आणि तो आपल्याला काढावा लागतो. डबल डोअर बहुधा 'फ्रॉस्ट फ्री' असतो. थंड होणारी जाळी मागच्या प्लास्टिक भिंतीआड असते, पंखा तिच्यावरची गार हवा फ्रीझरमध्ये फेकतो आणि जाळीवर जमलेला बर्फ हीटर ठरावीक वेळाने आपोआप वितळवतो. तिसरा प्रकार ऑटोमॅटिक आइस मेकरचा. तो मोठ्या, शेजारी-शेजारी दोन दारं असलेल्या फ्रिजमध्ये असतो आणि पाणी घेणं, गोठवणं, बर्फ खाली पाडणं हे सगळं स्वतः करतो.

हा फरक ट्रे ठेवतानाही कामाचा आहे. डायरेक्ट कूलमध्ये गारवा तळातून येतो, म्हणून ट्रे फ्रीझरच्या तळाला सपाट टेकलेला हवा. खाली दुधाच्या पिशव्या ठेवून त्यावर ट्रे ठेवला तर दुप्पट वेळ लागला तरी नवल नाही. फ्रॉस्ट फ्रीमध्ये गारवा हवेतून येतो, त्यामुळे ट्रेच्या वरून हवा खेळली पाहिजे आणि मागच्या भिंतीवरच्या हवेच्या जाळ्या सामानाने बुजता कामा नयेत. मटारच्या, आंब्याच्या रसाच्या पिशव्या कोंबून भरलेल्या फ्रॉस्ट फ्रीमध्ये बर्फ न होण्याचं हेच पहिलं कारण समजा.

लाईनचा दाब

फ्रिज २३० व्होल्टवर चालायला बनवलेला असतो. शेतातल्या मोटारी सुरू झाल्या, किंवा संध्याकाळी सगळ्या गावाचे कुलर लागले, की डीपीपासून दूरच्या घरात दाब बराच खाली येतो. अशा वेळी फ्रिजमधला दिवा लागतो, पण कॉम्प्रेसर उचलत नाही. ओळख सोपी आहे. मागून काही सेकंद 'घुंऽऽ' असा आवाज येतो, मग 'टक' होऊन बंद पडतो आणि काही मिनिटांनी पुन्हा तेच. तो 'टक' ओव्हरलोडचा. कॉम्प्रेसर जळू नये म्हणून तो लाईन तोडतो. हे दिवसभर चालू राहिलं तर बर्फ तर होत नाहीच, शेवटी कॉम्प्रेसरही जातो.

बोर्डात खोचायचा आकडे दाखवणारा व्होल्टमीटर इलेक्ट्रिकच्या दुकानात स्वस्तात मिळतो. तो दुपारी, संध्याकाळी आणि पहाटे असा तीन वेळा बघा. फक्त तुमच्याच घरी दाब कमी असेल तर मीटरजवळचा किंवा बोर्डातला सैल जोड शोधायला वायरमनला बोलवा. शेजारीही तीच बोंब असेल तर दोष डीपीचा किंवा लाईनचा आहे. त्याची तक्रार महावितरणकडे १९१२ या क्रमांकावर करता येते. घरातले काही दिवे एकदम प्रखर आणि काही मंद झाले, तर न्यूट्रल तुटल्याची शक्यता असते. त्या क्षणी मेन स्विच पाडा, बाकी सगळं नंतर.

स्टॅबिलायझर घेताना दोन गोष्टी बघा. तो किती कमी दाबापर्यंत काम करतो (१३० व्होल्टपर्यंतचे मिळतात) आणि लाईन आल्यावर तीनेक मिनिटं थांबून फ्रिजला वीज देतो की नाही. ही तीन मिनिटं महत्त्वाची आहेत. कॉम्प्रेसर बंद पडल्यावर नळ्यांतल्या गॅसचा दोन्ही बाजूंचा दाब सारखा व्हायला वेळ लागतो. त्याआधीच लाईन आली तर त्याला भरल्या दाबाविरुद्ध उठावं लागतं आणि तो अडकतो. स्टॅबिलायझर नसेल तर लाईन गेल्याबरोबर फ्रिजचं बटण बंद करा आणि आल्यावर पाच मिनिटांनी लावा. 'स्टॅबिलायझरची गरज नाही' असं लिहिलेले इन्व्हर्टर फ्रिजही ठरावीक व्होल्टच्या मर्यादेतच चालतात. ती मर्यादा माहितीपुस्तिकेत वाचा. फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर कुलर किंवा मिक्सर लावू नका.

अर्थिंगचंही इथेच बघून घ्या. फ्रिजच्या दाराला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर बर्फाचा विचार बाजूला ठेवून आधी अर्थिंग नीट करून घ्या. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी टाकावं लागतं.

पंचेचाळीस अंशांत फ्रिज

फ्रिजच्या मागच्या किंवा आतल्या लेबलवर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो. 'एसटी' वर्ग ३८ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी आणि 'टी' वर्ग ४३ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी असतो. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा या पट्ट्यात मे महिन्यात बाहेर ४५ अंश होतात आणि टिनाखालच्या स्वयंपाकघरात त्याहून कमी नसतात. म्हणजे दुपारी तुमचा फ्रिज त्याला नेमून दिलेल्या मर्यादेच्या बाहेर काम करत असतो. त्या वेळी बर्फ उशिरा झाला तर तो बिघाड मानू नका.

शक्य असेल तर फ्रिज स्लॅबच्या किंवा कवेलूच्या खोलीत न्या. चूल, गॅस शेगडी आणि पश्चिमेची तापणारी भिंत यांपासून तो लांब हवा. मागे चार-सहा इंच आणि दोन्ही बाजूंना किमान दोन इंच जागा सोडा. नव्या फ्रिजांमध्ये मागची काळी जाळी दिसत नाही, कारण उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या बाजूच्या पत्र्याच्या आत असतात. त्यामुळे बाजू तापणं ठीकच आहे, पण त्यावर शोभेचं कापड किंवा रिकामी पोती टाकली की उष्णता कोंडते.

जुन्या फ्रिजच्या मागची जाळी महिन्यातून एकदा पिन काढून मऊ ब्रशने झाडा. घरात कापूस भरून ठेवला असेल तर दर आठवड्याला. कापसाची तूस जाळीत अशी बसते की हवा आरपार जातच नाही. सोयाबीन-तुरीच्या थ्रेशरची धूळही तेच करते. झाडताना कॉम्प्रेसरजवळ उंदरांनी घर केलं आहे का, वायर कुरतडली आहे का, तेही बघा.

कुलरच्या खोलीत फ्रिज ठेवावा का, यावर घरोघरी वाद असतो. खोली गार राहिल्याने कॉम्प्रेसरचं काम हलकं होतं हे खरं, पण कुलरची हवा दमट असते. प्रत्येक वेळी दार उघडलं की ती दमट हवा आत जाते आणि फ्रीझरमध्ये दहिवरासारखी साचून थर वाढवते. फ्रिज त्या खोलीत राहू द्या, कुलरचं तोंड मात्र थेट त्याच्यावर नको.

थंडीत नेमका उलटा प्रश्न येतो. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री खोली दहा अंशांवर उतरली की काही साध्या डबल डोअर फ्रिजांत खालचा कप्पा आपोआपच गार राहतो. थर्मोस्टॅट तिथेच असल्याने त्याला वाटतं काम झालं. कॉम्प्रेसर फारसा चालत नाही आणि वरचा बर्फ नरम पडतो. अशा वेळी फ्रीझरचं बटण एक-दोन आकडे वाढवा.

ट्रे भरताना

एक लिटर पाणी ४० अंशांवरून शून्यावर आणायला साधारण १६७ किलोज्यूल उष्णता काढावी लागते आणि शून्यावरच्या पाण्याचा बर्फ करायला आणखी ३३४. टाकीतलं तापलेलं पाणी घेण्याऐवजी माठातलं २५ अंशांचं घेतलं तर एकूण कामातलं सुमारे आठवा हिस्सा काम वाचतं. संध्याकाळी सात-आठला माठाचं पाणी भरून ट्रे ठेवा, रात्री दार उघडू नका, सकाळी बर्फ तयार मिळेल. दुपारी दोन वाजता ट्रे ठेवून दर अर्ध्या तासाने डोकावून बघणं, हा बर्फ न होऊ देण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

ट्रे तीन चतुर्थांशच भरा. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं, काठोकाठ भरलेल्या ट्रेचे तुकडे एकमेकांना जुळतात आणि सांडलेल्या पाण्याने ट्रे तळाला चिकटतो. चिकटलेला ट्रे सुरीने किंवा पेचकसाने उचकटू नका. डायरेक्ट कूलच्या पत्र्याला टोचलं की आतल्या नळीला भोक पडतं, सगळा गॅस जातो आणि त्याची दुरुस्ती फार खर्चिक असते. कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं ट्रेच्या कडेला दोन मिनिटं धरा, ट्रे सुटतो.

थर काढणं

फ्रीझरच्या भिंतीवर पाच-सहा मिलिमीटर, म्हणजे साधारण अर्ध्या बोटाएवढा थर झाला की काढायचा. बर्फ स्वतः उष्णता अडवतो, त्यामुळे थर जितका जाड तितकं ट्रेमधलं पाणी गोठायला उशीर. हे विचित्र वाटतं, पण बर्फाने भरलेला फ्रीझर बर्फ करत नाही.

१. देखभालीसाठी लाईन बंद राहणार असेल तो दिवस निवडा. तसा दिवस नसेल तर सकाळी लवकर सुरू करा.
२. थर्मोस्टॅटच्या मधलं डीफ्रॉस्टचं बटण दाबा, किंवा सरळ पिन काढा. सामान टोपलीत किंवा ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा.
३. फ्रीझरमध्ये फडक्यावर गरम पाण्याचा गंज ठेवा आणि फ्रीझरचं दार लावून घ्या. दर वीस मिनिटांनी पाणी बदला.
४. सुटलेले तुकडे हाताने किंवा लाकडी उलथन्याने काढा. लोखंडी काहीही नको.
५. फ्रीझरखालचा पाण्याचा ट्रे भरून सांडण्याआधी रिकामा करा.
६. एक लिटर कोमट पाण्यात एक चमचा खाण्याचा सोडा घालून आतून पुसा, मग कोरड्या फडक्याने पूर्ण कोरडं करा. ओलावा राहिला की पहिल्याच रात्री पुन्हा थर बसतो.
७. फ्रिज लावा, दोन-तीन तास रिकामा चालू द्या, मग ट्रे ठेवा.

थर दर आठवड्याला चढत असेल तर दाराचं रबर बघा. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि पट्टी ओढा. सहज सुटली तर तिथून हवा आत जाते. चारही बाजूंनी असं करून बघा. रबर नुसतं मळलं असेल तर साबणाच्या पाण्याने धुवून पुसल्यावर पुन्हा चिकटतं. दबलं असेल तर केस वाळवायच्या यंत्राच्या कोमट हवेने शेकून हाताने आकारात आणता येतं. उंदराने कुरतडलं असेल तर बदलण्याला पर्याय नाही.

फ्रॉस्ट फ्रीच्या मागच्या भिंतीवर बर्फ दिसायला लागला तर मात्र हा थर तुम्ही नुसता काढून भागत नाही. आतला हीटर, सेन्सर, टायमर किंवा थर्मल फ्यूज यांपैकी काहीतरी गेलं आहे. खात्री करायला फ्रिज चोवीस तास दारं उघडी ठेवून बंद करा. परत लावल्यावर काही दिवस छान बर्फ झाला आणि मग पुन्हा बंद पडला, तर दोष या डीफ्रॉस्टच्या साखळीतच आहे. मेकॅनिकला हे नेमकं सांगा. गॅसचा इथे संबंध नाही.

ऑटोमॅटिक आइस मेकर

हे यंत्र दोन तऱ्हेचं येतं. काहींमध्ये फ्रिजच्या आतल्या टाकीत आपण पाणी भरतो, काहींना मागून पाव इंची नळीने पाणी जोडलेलं असतं. खेड्यात नळीवाल्यांचीच जास्त फसगत होते आणि तिचं कारण पाण्याचा दाब आहे.

नळीवाल्या बहुतेक यंत्रांना किमान २० पीएसआय दाब लागतो. उभ्या पाण्याच्या दर दहा मीटर उंचीला साधारण १४ पीएसआय दाब मिळतो. एकमजली घराच्या स्लॅबवरची टाकी फ्रिजच्या व्हॉल्व्हपासून चारेक मीटर उंच असते, म्हणजे हाती येतात जेमतेम सहा पीएसआय. भिंतीवरच्या आरओच्या नळाला तर त्याहून कमी, कारण त्यातलं पाणी साठ्याच्या डब्यातून नुसतं खाली ओघळतं. अशा जोडणीत ट्रे अर्धवट भरतो, तुकडे बारीक आणि पोकळ निघतात. त्याहून वाईट म्हणजे मागचा विद्युत व्हॉल्व्ह घट्ट बंद व्हायलाही पाण्याचा दाबच लागतो. दाब कमी असला की तो थेंब थेंब गळतो, थेंब भरण्याच्या नळीच्या तोंडाशी गोठतात आणि नळी बुजते. मग लोक आइस मेकर बदलतात, आणि महिन्याभरात नवाही 'बिघडतो'. उपाय म्हणजे आरओच्या साठ्यानंतर प्रेशर स्विच असलेला छोटा बूस्टर पंप बसवणं. नळी पीव्हीसी पाइपातून न्या, नाहीतर उंदीर ती सोडत नाहीत. फ्रिजच्या आधी हाताने बंद करता येईल असा एक कॉक ठेवा.

बर्फ पडत नसेल तर या क्रमाने बघा.

१. यंत्र चालू आहे का? तारेचा दांडा असेल तर तो खाली हवा, वर उचललेला दांडा म्हणजे बंद. काहींमध्ये पॅनलवर बटण असतं आणि ते लहान मुलांच्या हातून सहज दाबलं जातं.
२. फ्रीझर उणे १८ अंशांवर आहे का? थर्मामीटर रात्रभर आत ठेवून सकाळी वाचा. धातूच्या साच्याच्या अनेक यंत्रांत साचा सुमारे उणे ९ अंशांवर आल्याशिवाय बर्फ पाडायचा हुकूम सुटत नाही. फ्रीझर उणे सात-आठवर अडला असेल तर साच्यात बर्फ झालेला दिसतो, पण यंत्र तो सोडत नाही.
३. कॉक उघडा आहे का, नळी मागे दबली आहे का? फ्रिज भिंतीला सरकवताना नळी हमखास मुडपते.
४. फिल्टर तुंबला आहे का? तो काढून जागी बायपासची टोपी लावा. पाणी आलं तर दोष फिल्टरचा. साधारण सहा महिन्यांनी तो बदलावा, गढूळ पाणी असेल तर आधीच.
५. भरण्याची नळी गोठली आहे का? फ्रिज बंद करून तोंडाशी कोमट पाणी सोडा. उकळतं पाणी नको, प्लास्टिक तडकतं. सुटल्यावर वर सांगितलेला दाब तपासा, नाहीतर पुन्हा गोठेल.
६. टेस्ट बटण काही सेकंद दाबून ठेवा. ट्रे पिळला जाऊन पुन्हा सरळ व्हावा आणि मग पाणी यावं. खाली भांडं ठेवा. लागोपाठ दाबू नका, ट्रे भरून वाहतो आणि सगळी पेटी एकाच ढेकळाची होते.
ट्रे फिरत नसेल तर मोटार किंवा तिचे दाते गेले. ट्रे फिरतो पण पाणी येत नसेल तर व्हॉल्व्ह किंवा पंप. इथून पुढचं काम मेकॅनिकचं.

नव्या यंत्राला पहिला बर्फ द्यायला चोवीस तास लागू शकतात, आणि पहिल्या दोन-तीन घाण्यांचा बर्फ टाकून द्यायचा असतो. लाईन चार-पाच तास गेली असेल तर पेटीतला बर्फ वरवर वितळून परत गोठतो आणि त्याचं ढेकूळ होतं. दाराबाहेर बर्फ ढकलणारा मळसूत्री दांडा त्यात अडकला की मोटारीवर ताण येतो. अशा दिवशी पेटी रिकामी करून, पुसून परत लावा. पेटीच्या कडेला दोन काळ्या काचा दिसल्या तर तो 'पेटी भरली' हे ओळखणारा सेन्सर आहे. त्यावर दव बसलं की रिकामी पेटीही त्याला भरलेली वाटते.

पाणी

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात "खारं पाणी गोठत नाही" असं ऐकायला मिळतं. बोरच्या पाण्यात लिटरमागे दोन ग्रॅम क्षार असले तरी गोठणबिंदू एका अंशाच्या दशांशाएवढाच खाली जातो, त्यामुळे गोठतं सगळंच. बर्फ पांढरट, ठिसूळ होतो आणि वितळल्यावर ग्लासाच्या तळाला पांढरी भुकटी राहते. खरा त्रास क्षारांच्या पापुद्र्याचा. तो ट्रे खरखरीत करतो आणि व्हॉल्व्हची जाळी बुजवतो. प्लास्टिकचे ट्रे महिन्यातून एकदा एक लिटर पाण्यात मोठा चमचाभर लिंबूसत्व घालून अर्धा तास भिजवा, मग धुवा. ॲल्युमिनियमच्या साच्याला आंबट पाणी लावून ठेवू नका, तो काळवंडतो.

गोठल्याने जंतू मरत नाहीत. विहिरीचं किंवा बोरचं पाणी पिण्यासाठी उकळावं लागत असेल तर बर्फासाठीही उकळूनच घ्या. उकळल्याने फ्लोराइड आणि क्षार मात्र जात नाहीत, त्यामुळे तशा गावात आरओचं किंवा जारचं पाणीच बर्फाला वापरा. बर्फाला वास येत असेल तर पाण्याआधी फ्रीझरमधल्या उघड्या मासळीकडे आणि लसणाच्या पेस्टकडे बघा, आणि पंधरा दिवस पडून राहिलेला बर्फ फेका.

गॅस खरंच कमी झाला असेल तर

खुणा वेगळ्या असतात. कॉम्प्रेसर न थांबता चालतो, पण मागची जाळी किंवा बाजू गरम लागत नाही. फ्रीझरच्या एकाच कोपऱ्यात दहिवर धरतं आणि बाकी भिंत कोरडी राहते. नळीच्या जोडाशी तेलकट डागही दिसू शकतो. याउलट बर्फ दोन-चार तास नीट होतो, मग एकदम थांबतो, फ्रिज बंद करून लावला की पुन्हा होतो, असं असेल तर बारीक नळीत ओलावा गोठून चोक होतो आहे. हा बहुधा आधी घाईत भरलेल्या गॅसचा परिणाम असतो.

मेकॅनिक आल्यावर कॉम्प्रेसरवरचं लेबल आधी त्याला वाचायला लावा. 'आर ६००ए' लिहिलेलं असेल तर तो गॅस पेट घेणारा आहे. खोलीतली चूल, शेगडी, उदबत्ती विझवा आणि खिडक्या उघडा. गळती न शोधता गॅस भरू देऊ नका, तो पुन्हा निघून जाईल. नळी कापली की ड्रायर फिल्टर नवा हवा, व्हॅक्यूम पंपाने हवा काढलेली हवी, आणि गॅस लेबलवर लिहिलेल्या ग्रॅमांइतकाच, वजनकाट्यावर मोजून भरलेला हवा. सिंगल डोअरमध्ये हे वजन अगदी थोड्या ग्रॅमांचंच असतं, पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी बर्फ बिघडतो. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधून 'थोडा गॅस मारून देतो' म्हणणाऱ्याला फ्रिजला हात लावू देऊ नका. काम झाल्यावर दोन तास थांबा, फ्रीझरच्या सगळ्या भिंतींवर सारखं दहिवर धरलेलं स्वतः बघा आणि मगच पैसे द्या.